दगड उभा वर गेला

दत्तात्रय मास्तरांनी भौतिकशास्त्राचं हिंदी पुस्तक चटईवर आपटलं.

"तिला विचार, गणितात दगड ऊर्ध्वाधर वर फेकलाय. ऊर्ध्वाधर म्हणजे काय?"

मथुराबाई माजघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. दाराआड त्यांची सून रजनी उभी होती. सासऱ्यांशी सुनेनं बोलायचं नाही, अशी राजपुऱ्यातल्या त्या घराची रीत. त्यामुळे मास्तरांचा प्रश्न मथुराबाई आत पोचवत आणि सुनेचं उत्तर बाहेर आणत.

"उधार म्हणजे काय, विचारू राहिले," त्या आत वळून म्हणाल्या. मग बाहेर वळल्या. "उसनं घेतलेलं, म्हणते. हे काय विचारणं झालं?"

"उसना दगड? उसना दगड वर फेकला?" मास्तरांचा आवाज चढला. "अगं, ऊर्ध्वाधर!"

नवं हिंदी राज्य होऊन वर्ष होत आलं होतं. शाळेचे मराठी वर्ग हिंदीत मिसळले आणि मास्तरांचं सारं आयुष्य ज्यात गेलं ते शास्त्र एका उन्हाळ्यात परकं झालं. दगड तेच, आम्लं तीच, समीकरणंही तीच. नावं मात्र नवी. परवा वर्गात वस्तुमानासाठीच्या 'द्रव्यमान' या शब्दाशी ते अडले, तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. हेडमास्तरांनी बोलावून गोडीनं सांगितलं, "हिंदीत जमत नसेल तर पुढच्या महिन्यापासून प्राथमिकचे वर्ग घ्या." आज रविवार. घरचा अभ्यास अडला की मुलं रविवारी मास्तरांकडे यायची. आता कुठल्याही क्षणी येणार होती.

रजनी खंडव्याची. हिंदी शाळेतून मॅट्रिक झालेली. मुलगा सुधाकर नोकरीमुळे आठवडाभर नेपानगरला. मग तिच्याशिवाय विचारणार कुणाला?

"बरं, ते सोड. पुढचं विचार. दगड वर जाताना त्वरण कसं घ्यायचं?"

मथुराबाईंनी आत कान दिला, मान डोलावली.

"वरण ऊन घ्यायचं, म्हणते."

दाराआडून फिस्सकन हसू आलं आणि लगेच पदरात दाबलं गेलं.

"मला वरण नको!" मास्तर ताडकन उठले. "रजनी, बाहेर ये. इथं, समोर बस."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते त्यांनी मराठीत म्हणावं. मला कळेल तरी."

रजनी आली. पदर सावरून भिंतीकडे तोंड करून बसली आणि भिंतीलाच सांगू लागली, "ऊर्ध्वाधर म्हणजे सरळ उभा, मामंजी. त्वरण म्हणजे तुमच्या मराठी पुस्तकातला प्रवेग. दगड वर जाताना वेग कमी कमी होत जातो, म्हणून त्वरण ऋण."

मास्तरांनी पाटी ओढली. हात भराभर चालू लागला.

"एवढंच होतं?" ते पुटपुटले. चिडावं कुणावर, हे त्यांना कळेना. "अगं, हे तर मी झोपेतसुद्धा सोडवीन."

"हो, मामंजी. फक्त नावंच बदलली आहेत."

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. "मास्तर!" विनायकची हाक आली, त्याच्यामागे भिकन आणि आणखी दोघं.

रजनी पटकन उठली. घरातलं घरात ठीक होतं. पोरांसमोर सासऱ्यांना शिकवणं वेगळं. मास्तर पाटीकडे बघत राहिले. बस म्हणावं तर तोंड उघडेना, जा म्हणावं तर पुढच्या पानावर आणखी सहा गणितं होती.

मुलं आत येऊन चटईवर बसली. रजनी उंबऱ्यापाशी पोचली, पण वाट मिळाली नाही. मथुराबाई उंबऱ्यावर ठाण मांडून बसल्या होत्या.

"आत्याबाई, जाऊ द्या ना," ती हळूच म्हणाली.

"कुठे चालली?" मथुराबाई चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "दुपारपासून इकडचं तिकडं करून माझी मान मोडली. तो दगड तिकडे वरच लटकला आहे. खाली कधी येतो, ते मला कळल्याबिगर कोणी उठायचं नाही."

मग त्या स्वतः उठल्या, भिकनला "सरक रे जरा," म्हणाल्या आणि चटईवर मुलांच्या रांगेत मांडी घालून बसल्या.