चौकटीतला शिपाई

लातूर जिल्हा झाला त्या साली, म्हणजे ब्याऐंशीत, पावसानं तोंड फिरवलं होतं. उदगिरात टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची. त्याच दिवसांत एका जुन्या बंगल्याचं सामान लिलावात निघालं आणि कापडदुकानदार चंद्रप्पा तिथून एक तसबीर घेऊन घरी आला.

"चौकट बघ कशी शिसवी हाय," तो बायकोला म्हणाला.

जगदेवीनं चौकट सोडून आतलं माणूस पाहिलं. म्हातारा शिपाई, ओघळलेल्या मिशा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला कोट. सगळा चेहरा केसाएवढ्या काळ्या रेघांनी कोरलेला. शाळेतले मास्तर सांगून गेले, दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत तांब्याच्या पत्र्यावर तेजाबानं कोरून असली चित्रं छापत.

सासूबाई शरणम्मा मात्र उंबऱ्यातच थबकल्या. त्यांचा नवरा बसवंत चाळीस वर्षांमागे लढाईवर गेला तो आलाच नव्हता. ना फोटो, ना खबर.

"म्हातारे झाले की," त्या हळूच म्हणाल्या.

"अव्वा, गोरा सायब हाय तो!" चंद्रप्पा हसला.

"इतकी वर्षं लढाईवर राहून माणूस पांढरं पडत न्हाई व्हय?"

हसण्यावारी गेलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी जगदेवी भाकरी वाढायला गेली, तर सासूबाईंचा गळा मोकळा. घर लिंगायतांचं; गळ्यातलं लिंग अंगावर नसताना तिथं कुणी पाण्याचा थेंब घेत नसे.

"आत्या, लिंग कुठंय?"

शरणम्मांनी भिंतीकडं बोट केलं. लिंग शिवदाऱ्याच्या दोऱ्यासकट चौकटीच्या खिळ्याला लोंबत होतं. "त्यांच्या गळ्यात नव्हतं. इतकी वर्षं उपाशीच असतील गं."

"मग तुम्ही?"

"मी खाल्लंय की रोज."

दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्या ओठांना भेगा पडल्या. चंद्रप्पा ओरडला, रडला. त्या हलल्या नाहीत. तसबिरीपुढं ठेवलेली भाकरी मात्र मोडलेली दिसली आणि तांब्या कोरडा. मांजर असेल म्हणून जगदेवी जवळ गेली. खिळा रिकामा होता. शिवदारा काचेच्या आत गेला होता. कोटाच्या दोन गुंड्यांमधून, तशाच बारीक काळ्या रेघांनी कोरलेला. मिशांखालचे ओठ ओले होते.

ती धावत मठात गेली. रेवणसिद्ध स्वामी आले, काचेआतल्या शिवदाऱ्यावर बोट टेकवून त्यांनी पाहिलं.

"दिलेलं लिंग काढून घेता येत न्हाई. ते माणसाबरोबरच मातीत जातंय. ह्याला बसवून माती द्या, मग मी अव्वांना नवं लिंग देतो."

"माती दिली की मी विधवा," शरणम्मा कुजबुजल्या. आवाज संपत आला होता.

जगदेवीनं त्यांचे पाय धरले. "आत्या, जेवले ते. पाणी प्याले. आता बसू द्या की त्यांना. किती चालायचं म्हाताऱ्या माणसानं?"

शरणम्मांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

गावाबाहेरच्या आपल्या शेताच्या कडेला खड्डा खणला. जमीन दगडासारखी झाली होती. रीतीप्रमाणं तसबीर बसती ठेवली, काचेवर भस्म ओढलं, बेल वाहिला. शरणम्मांना बाजेवर आणलं होतं. माती पडू लागली तशा त्या कोपरावर उठल्या आणि कान देऊन ऐकत राहिल्या. बाकी कुणाला काही ऐकू आलं नाही.

स्वामींनी तिथंच नवं लिंग त्यांच्या हातात दिलं, गळ्यात बांधलं. जगदेवीनं तांब्या ओठांना लावला. घोट घशाखाली उतरला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. मग शेजारची धुरपताबाई पदराचं टोक ओलं करून कुंकू पुसायला पुढं झाली.

शरणम्मांनी तिचा हात धरला. "राहू दे. आत बसलाय तो माझा न्हाई."

चंद्रप्पानं फावडं खाली टेकवलं. "मग कोण, अव्वा?"

"माती पडताना नाव सांगितलं त्यानं. दोनदा सांगितलं." त्यांनी पुन्हा तांब्याकडं हात केला. "पण आपल्या बोलीतलं न्हवतं रे. ध्यानात राहीना."