पहिला टोला

म्हातारपणी पाशामियाँना आवडणाऱ्या गोष्टी थोड्याच उरल्या होत्या, आणि न आवडणाऱ्या मात्र दरसाल वाढत चालल्या होत्या. सकाळचे ऊन ओसरीच्या खांबाला टेकले की तिथे पाठ लावून बसणे त्यांना आवडे. लढाईमुळे साखर दिसेनाशी झाली होती. तरी चारच्या सुमाराला गुळाचा चहा बशीत ओतायचा, वरची साय फुंकरीने कडेला लोटायची आणि मग ओठ लावायचे, हे सुख अजून कुणी हिरावून नेले नव्हते. उलटपक्षी, बाजेच्या पायथ्याशी कुणी टेकलेले त्यांना खपत नसे. दाराची कडी कुणी अर्धवट लावली तर ते उठून ती पुन्हा उघडत आणि पुन्हा लावत. पण या सगळ्यांहून त्यांना चीड होती ती कुणी वेळ सांगितल्याची. तीस वर्षे ज्या माणसाने भूमच्या तहसील कचेरीतला तास वाजवला, गावाच्या चुली आणि कचेरीची कुलपे ज्याच्या मोगरीवर उघडली-मिटली, त्याला वेळ सांगायची कुणी?

तो तास म्हणजे काशाचे जाड, गोल ताट. कचेरीच्या दरवाजात लोखंडी आकड्याला ते टांगलेले होते. पाशामियाँनी त्यावर कधी घाईने मोगरी मारली नाही. टोला द्यायचा, एक पुरा श्वास घ्यायचा, सोडायचा, मगच दुसरा द्यायचा. नोकरी संपली तेव्हा त्यांनी हीच रीत चन्नबसप्पाला शिकवली. चन्नबसप्पा चाळिशीतला, अबोल, चार लेकरांचा बाप. अजून कायम न झालेला, कच्चा नोकर होता. कमरेच्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला मात्र रोज चिंचेने घासून लखलखीत ठेवी.

आणि याच चन्नबसप्पाने गेल्या पावसाळ्यानंतर पाशामियाँचा जीव नकोसा करून सोडला होता.

तो एक टोला खात होता. रोज. खांबाची सावली उंबऱ्याजवळच्या फरशीत शिरली की दुपारचे बारा, यात तिळाचा फरक पडत नसे. पाशामियाँ डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजीत, आणि पेरे अकरावर थांबत. दहाला नऊ भरत. एक वाजता तर हा गृहस्थ मोगरीलाच हात लावीत नसे. आपल्या मागे आपले काम असे लंगडत चालावे, या विचाराने ते ओसरीवर येरझाऱ्या घालीत. शेजारच्या तेली बंडप्पाला त्यांनी एकदा विचारले होते. तो घाण्यावरून म्हणाला, "तुमी म्हणताय तर खात आसंल मियाँ. आमी कुठं मोजतो? वाजलं की वाजलं."

बायको फरिदाबीला विचारले तर ती नुसते "असंल" म्हणे आणि चुलीकडे वळे. सांगून न सांगितल्यासारखे तिचे ते "असंल" त्यांना आणखीच टोचे.

अखेर निजामी फसली सन तेराशे त्रेपन्नच्या इस्फंदार महिन्यात, थंडी ऐन भरात असताना, त्यांनी अर्जनवीसाकडून उर्दूत अर्ज लिहवून घेतला: तास वाजवणारा इसम रोज दर वेळी एक टोला कमी देतो, एकाचा तास अजिबात देत नाही, सबब चौकशी व्हावी. निघताना फरिदाबीने विचारले, "न्यायलाच पायजे का?"

"सरकारी वेळेची चोरी हाय ही."

"लेकरंबाळं हायेत त्याला."

"वेळेला लेकरं नसतात," पाशामियाँ म्हणाले आणि बाहेर पडले. वाक्य तोंडातून गेले खरे, पण वाटभर ते त्यांच्या पायात घोटाळत राहिले.

कचेरीच्या दरवाजात चन्नबसप्पाने झुकून सलाम केला. "चाचा, लई दिसानं. बसा की, पानी आनू का?" त्यांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आत साहेबापुढे कागद ठेवणारे पेशकार महारुद्रराव चष्मा कपाळावर चढवून कागदांची थप्पी लावीत होते. त्यांनी अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला.

"पाशामियाँ, विचार केलाय ना? नवे तहसीलदारसाहेब वेळेच्या बाबतीत लई कडक आहेत. दोनला बसतील, कागद पुढं आला की चौकशीबिवकशी काही नाही. दिवस मावळायच्या आत बिल्ला उतरंल."

"खोटं असंल तर माझी मान."

"तुमची मान घेऊन मी काय करू," महारुद्रराव पुटपुटले आणि अर्ज त्यांनी थप्पीच्या वर ठेवला.

पाशामियाँ घरी आले. सावली फरशीत शिरली. त्यांनी डोळे मिटले, पेरे मोजली. अकरा. त्यांना जिंकल्यासारखे वाटायला हवे होते. पण फरिदाबीने भाकरी वाढली तेव्हा ते जेवायला उठले नाहीत. एरवी या वेळी जेवण आटोपून ते आतल्या खोलीत आडवे होत. आज मात्र ते ओसरीवरच बसून राहिले. साहेबाचा शिपाई दोनचे बोलावणे घेऊन कुठल्याही क्षणी वळणावर दिसेल, असे वाटून त्यांची नजर घरांच्या धाब्यांवरून थेट कचेरीच्या कौलांवर खिळली होती. समोर फरिदाबी सुपात जोंधळा निवडीत बसली होती.

कचेरीच्या कौलांवर कबुतरे होती. ती त्यांच्या ओळखीची. निदान त्यांच्या आज्या-पणज्या तरी ओळखीच्या. पाशामियाँच्या नोकरीत पहिल्या टोल्याला सारा थवा उधळायचा, दरवाजावर एक गिरकी घ्यायचा आणि पुढचे टोले चालू असतानाच पुन्हा कौलांवर उतरायचा. पहिल्या टोल्याचीच काय ती त्यांना भीती.

सावली फरशीतून सरकली, एकाची वेळ झाली. आणि कबुतरे उधळली.

एकदम, सगळी, पंखांचा करडा झोत वर फेकल्यासारखी. त्याच क्षणी फरिदाबीचा सुपातला हात थांबला, आणि पुन्हा दाणे निवडू लागला.

पाशामियाँना काहीही ऐकू आले नव्हते.

बंडप्पाच्या घाण्याची करकर ऐकू येत होती, सुपातल्या दाण्यांची सळसळही येत होती. मग त्यांना उमगले, की दुरून येणारा पहिला टोला त्यांचा कान जागा करण्यातच खर्ची पडत होता. जाग्या झालेल्या कानाला उरलेले सारे टोले मिळत. आणि जिथे एकच टोला असे, तिथे काहीच उरत नसे.

"फरिदा," ते म्हणाले, "आत्ता वाजला का?"

तिने सूप खाली ठेवले. "वाजला."

"कधीपासून ठाऊक हाय तुला?"

"रमजानच्या ईदपासून."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमाला वेळ सांगितलेली चालत न्हाई," फरिदाबी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

त्यांनी चपला चढवल्या. दोन वाजायला तासाहून कमी अवधी होता. कचेरी नेहमी हाकेच्या अंतरावर वाटे. आज ती दूर सरकली होती. वाटेत बंडप्पाने काहीतरी विचारले, ते त्यांना ऐकू आले नाही, की त्यांनी ऐकले नाही, हे त्यांनाच ठरवता येईना. यापुढे प्रत्येक न ऐकलेल्या गोष्टीबाबत हाच प्रश्न पडणार, हे ध्यानात येऊन त्यांची पावले अधिकच भरभर पडू लागली.

महारुद्रराव साहेबापुढे न्यायचे कागद दोऱ्याने बांधीत होते.

"अर्ज परत द्या."

"का हो?"

"लिहिण्यात चूक झाली. गुन्हेगाराचं नाव चुकलं."

"मग कोण निघाला?"

पाशामियाँनी बोट उचलून उजव्या कानाला लावले. खोलीत दोन कारकून होते, आणि दोघांनीही माना वर केल्या. तीस वर्षांत या खोलीत त्यांची मान इतकी खाली कधी गेली नव्हती.

महारुद्ररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "या कचेरीत हलक्या कानाचे लई पाहिले मी," ते हळूच म्हणाले. "जड कानाचा माणूस पहिल्यांदाच आला, आणि त्यानंच इन्साफ केला." त्यांनी दोरा सोडला आणि घडी केलेला कागद पाशामियाँच्या हातात दिला.

दरवाजात चन्नबसप्पा मोगरी घेऊन उभा होता. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बारावर येऊन दोन वाजायची वाट पाहत होता. पाशामियाँ त्याच्यापासून दोन हातांवर थांबले. त्याने टोला दिला. काशाचा तो रुंद, मधाळ आवाज इतक्या जवळून त्यांच्या बरगड्यांत उतरला. वर कबुतरे फडफडली. मग चन्नबसप्पाची छाती सावकाश भरली, सावकाश रिती झाली, आणि दुसरा टोला पडला. शिकवलेल्या रीतीत केसाचाही फरक नव्हता.

"काय चुकतंय का चाचा?" त्याने भीत भीत विचारले. सकाळची त्यांची पाठ तो विसरला नव्हता.

"न्हाई. चुकत न्हाई." ते जायला वळले, पण अडखळले. "सकाळी तू पानी इचारलं व्हतंस. आता दे."

ते घरी आले तेव्हा ऊन उतरू लागले होते. अर्जाचा कागद त्यांनी डुगडुगणाऱ्या तिवईच्या पायाखाली सरकवला. जीव मात्र ठिकाणावर नव्हता. ते बाजेवर बसले, उठले, कडी काढून पुन्हा लावली, खांबाशी गेले, परत आले. तीन वाजल्याची कबुतरे त्यांनी पाहिली नाहीत. मुद्दामच आत जाऊन बसले.

तिने चहा आणून बशीत ओतला तेव्हा ते ओसरीवर आले. सायीला त्यांनी फुंकर घातली नाही. बशी खालीच राहिली.

"फरिदा."

"जी."

"वाजायला लागलं की..." त्यांनी बशी बाजूला सरकवली. "वाजायला लागलं की सांग."

ती खांबाच्या पलीकडे बसली. दोघेही कौलांकडे पाहू लागले. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. बराच वेळ काही झाले नाही. चहावर साय घट्ट होत गेली. मग कबुतरे उधळली.

"एक," फरिदाबी म्हणाली.

पाशामियाँनी श्वास घेतला, सोडला. दुरून, घरांच्या धाब्यांवरून, उरलेला आवाज आला.

"दोन," ते म्हणाले. "तीन." आणि मग, "चार."