बर्फ कशासाठी?

थंडोबांच्या कारखान्यात बर्फाला आधी भाव नसायचा, आधी प्रश्न असायचा. कोणी खिडकीशी येऊन "बर्फ द्या" म्हणालं की म्हातारा चष्म्यावरून बघायचा आणि विचारायचा, "कशासाठी?" उत्तर मिळालं की मग भाव. सरबतासाठी असेल तर स्वस्त, मासळीसाठी मधला, लग्नाच्या जेवणावळीला त्याहून चढा. आणि घरात माणूस गेलं असेल, लांबची मंडळी पोहोचेपर्यंत देह ठेवायचा असेल, तर सगळ्यात महाग. अहो, बर्फ तोच, लादी तीच, पाणी एकाच नळाचं! पण आसपास दुसरा कारखानाच नव्हता, मग बोलणार कोण? लोकांनी चिडून म्हाताऱ्याचं नाव थंडोबा ठेवलं आणि मुकाट्याने रांगेत उभे राहिले.

मग थंडोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा मागे यंत्रांपाशी अडकलेला, तेव्हा खिडकीत बसायचं काम सुनेकडे आलं. म्हाताऱ्याने खाटेवरून एवढंच बजावलं, "भाव आधी सांगायचा नाही. आधी विचारायचं."

तिने विचारलं. पहिले काही दिवस गंमतही वाटली. मग एके दुपारी एक माणूस आला. घाईत शर्ट उलटा घातलेला, शिवण बाहेर. "कशासाठी?" म्हटल्यावर तो म्हणाला, "आईसाठी." तिने खालच्या आवाजात भाव सांगितला. त्याने खिशातलं सगळं खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाला, "यातून घ्या, पण लवकर द्या." तिने घ्यायचे तेवढे घेतले, उरलेले त्याच्या हातात कोंबले. संध्याकाळी ती भरल्या ताटावरून उठली.

"बाबा, हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं झालं," ती सासऱ्याला म्हणाली.

म्हातारा चिडला नाही. उलट उशीला टेकून नीट बसला. "सूनबाई, गिऱ्हाईकं दोन प्रकारची. काही इलॅस्टिकची, काही नाडीची. कोपऱ्यावरच्या सरबतवाल्या मावशीला भाव जरा चढवून सांग, उद्या ती फिरकणार नाही. इलॅस्टिक ताणलं की लांब जातं. माणूस गेलेल्या घरचं गिऱ्हाईक म्हणजे नाडी. कितीही आवळ, जागचं हलत नाही. तिथे आवळतो, म्हणून मावशीला सैल सोडता येतं."

"वा! म्हणजे पुण्यच की!"

"पुण्य कोण म्हणतंय? धंदा म्हणतोय मी."

सून कसली ऐकते! दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने खिडकीवर पाटी लावली: सगळ्यांना एकच भाव, मधला. विचारणं नाही, बिचारणं नाही. नवरा हात पुसत बाहेर आला. "बाबांना विचारलंस?"

"त्यांचा गुडघा बरा होऊ दे, मग विचारते," ती म्हणाली.

दुखवट्याच्या घरून येणाऱ्यांनी पाटी वाचलीच नाही. त्या अवस्थेत कोण पाट्या वाचतो? लग्नवाले खूश झाले, मासळीवाल्यांना काही फरक पडला नाही. तोंड पडलं ते सरबतवाल्या मावशीचं. मावशीचा नवरा कैक वर्षं अंथरुणाला खिळलेला. त्याचं औषध, दोघांचं पोट, सगळं त्या एका गाडीवर. रोज सकाळी ती पाव लादी न्यायची आणि जाताना एखादा टोमणा ठेवून जायची.

"काय गं, बर्फाला सोन्याचा मुलामा दिलास वाटतं?" पाटी बघून ती म्हणाली. हसली, पण त्या दिवशी निम्माच बर्फ घेतला. मग त्याहून कमी. कोमट सरबत कोण विकत घेणार? काही दिवसांनी तिची गाडी कोपऱ्यावर ताडपत्री पांघरून उभी राहिली. बाकीचे सरबतवालेही यायचे थांबले. कारखान्यात न विकलेल्या लाद्या भुशात वितळू लागल्या.

सून मावशीच्या घरी गेली. मावशी नवऱ्याला चमच्याने पेज भरवत होती. सुनेला बघून तिने पाट पुढे सरकवला.

"तू न्याय केलास गं पोरी," ती म्हणाली. "फक्त त्याचं बिल माझ्या नावावर आलं."

सून परतली ती शरमेने लाल होऊन. काठी टेकत म्हातारा खिडकीपर्यंत आला होता. जमिनीवरून वाहणारं पाणी बघत होता.

"बाबा, आपणच थोडं कमी खाल्लं तर? सगळ्यांनाच सरबताचा भाव लावू."

"लाव की. सरबताच्या भावात विजेचं बिलसुद्धा निघत नाही. दोन महिने पुण्य कमवशील, मग या कारखान्यालाच बर्फावर ठेवावं लागेल."

तिने मागच्या बाजूला बसून हिशेब मांडून पाहिला. म्हातारा खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. तिने स्वतःच्या हाताने पाटी काढली. प्रश्न परत आला आणि मावशीही परत आली, टोमण्यांसकट. म्हातारा आता खुर्ची टाकून सुनेशेजारी बसायचा. जिंकल्याचं तोंडाने म्हणाला नाही, पण मिशीत हसायचा.

एका सकाळी आभाळ भरून आलेलं, वाऱ्याला असा गारठा की खिडकी उघडी ठेवणं नको वाटावं. मावशी नेहमीपेक्षा लवकर आली.

"दोन लाद्या दे."

"दोन? कशासाठी?" सवयीने सुनेच्या तोंडून निघून गेलं.

"सरबतासाठी," मावशी म्हणाली. "गिऱ्हाईक फार आहे आज."

टोमणा नाही, हसणं नाही. दोन्ही हातांनी फळीची कड घट्ट धरलेली, नजर बर्फावर. नुकतंच धुतलेलं तोंड, तरी डोळे सुजलेले. बाई श्वास कोंडून उभी होती.

सुनेने एकदम ओळखलं. अरे देवा! हिचा नवरा वारलाय, आणि हिला इथे उभं राहून सरबताच्या गोष्टी कराव्या लागताहेत. रडली तर भाव वाढेल म्हणून ही रडत नाहीये. पैशाचं राहू द्या, आपण हिचं रडणंसुद्धा महाग करून ठेवलंय. तिने सासऱ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि हळूच होकारार्थी मान हलवली.

"सरबताचाच भाव, मावशी," सून म्हणाली. पैसे घेतले, गल्ल्यात टाकले. मग बाजूचं दार उघडून ती बाहेर आली आणि मावशीचे हात हातात घेतले. ते बर्फासारखे गार पडले होते.

"व्यवहार झाला. पैसे पोहोचले. आता सांगा, कधी गेले काका?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या म्हाताऱ्याकडे, मग परत तिच्याकडे.

"आता भाव बदलणार नाही ना, खरंच?" तिने विचारलं. आणि सुनेने नाही म्हटल्यावर ती तिच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली.