एका पिशवीच्या तीन मागण्या

माह्यं डोकं तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण त्या दुपारी वर्ध्याच्या रक्तपेढीत रक्षा समोर उभी होती, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात शांत होती. "ओ निगेटिव्ह शिल्लक नाई," मी म्हटलं. स्क्रीनवर शून्य होतं, अन् साठा मोजणारा प्रोग्राम मीच लिवलेला.

रक्षाची आई, केळझरच्या कौशल्याबाई, बाजूच्या दवाखान्यात टेबलावर होत्या. रक्त आल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन सुरू करायले तयार नव्हते. "ताई, पुन्हा पाहा ना," रक्षा म्हणाली. मी तिच्यावर खेकसली, तरी पाहिलं. शून्यच.

तेवढ्यात आमचे जुने तंत्रज्ञ भैयाजी फ्रिजपासून म्हणाले, "समीक्षा, इथं तर तीन पिशव्या आहेत. तिन्ही सिंदीच्या दवाखान्यानं राखून ठेवल्या."

सिंदीले तीन कायले? तिथला प्रोग्राम रुपेश पाहते, त्याले फोन लावला.

"मी एकच मागतली," तो म्हणाला. "इंटरनेटवरून पाठवली, उत्तर नाई आलं. म्हून मशीननं एसएमएस केला. तरी नाई आलं, तं दुसऱ्या सिमवरून केला. नंबर तोच ठेवला ना, करारात लिवलं तसा."

करार आमी दोघांनी बसून केला होता. मागणीचा नंबर एकच राहीन, अन् मागणी कोणत्याही रस्त्यानं आली तरी एकच पिशवी धरायची. रुपेशनं पाळलं. मी मात्र एसएमएसवर भरोसा नाई म्हून प्रत्येक रस्त्याची यादी वेगळी ठेवली. एका यादीतला नंबर दुसरीले माहीतच नाई, म्हून एका मागणीच्या तीन पिशव्या अडकल्या. वरून आणखी शहाणपणा केला होता. राखलेली पिशवी सोडायची तं फक्त ज्यानं राखली त्यानं, अन् फक्त इंटरनेटवरून. अन् पहिली मागणी आल्यावर लगेच सिंदीत रस्ता खोदताना केबल तुटली होती, म्हून तिकडून सोडताही येत नव्हतं.

"भैयाजी, द्या ना काढून एक."

"सिंदीनं म्हटल्याशिवाय? उद्या तिथल्या पेशंटले रक्त कमी पडलं तं? नियम तूच लिवला."

रक्षा घड्याळ पाहून राह्यली होती. मी कीबोर्डवर बटणं बडवली, स्क्रीन ढिम्म हलली नाई.

मंग भैयाजींनी माह्या हातून फोन घेतला, रजिस्टर उघडलं. "रुपेश, नंबर सांग. किती पाह्यजे? किती सोडतं?" एक पाह्यजे, दोन सोडतो, त्यानं सांगितलं ते लिवलं, परत वाचून दाखवलं. "तुह्या डॉक्टरचा हो पाह्यजे." डॉक्टर फोनवर आल्या, हो म्हणाल्या. भैयाजींनी वेळ टाकली, सही केली, फ्रिज उघडला. एक नंबर, एकच पिशवी, ज्यानं राखली त्याचाच हो, यातली एकही गोष्ट त्यांनी सोडली नाई. अन् मी कीबोर्ड बडवत बसली होती.

कौशल्याबाईंच्या रक्ताचा नमुना त्यांनी पिशवीतल्या रक्ताशी जुळवून पाहिला. रक्ताची बर्फपेटी रक्षाच्या हाती देताना तिले येऊन चाळीस मिनिटं झाली होती.

"लाइन गेलती काय ताई?" तिनं विचारलं. बिचारीनं माह्यासाठी उत्तरही शोधून दिलं होतं.

"नाई," मी म्हटलं. "रक्त पहिल्यापासून इथंच होतं. मी अडवलं."

तिनं माह्याकडे पाहिलं, पेटी छातीशी धरली अन् पळत सुटली.