आरशातली बाई

मित्रांनो, मी एक जुनं रीळ आहे, आणि तेही भुताच्या सिनेमाचं. दचकू नका, मी कुणाला खात नाही. उलट मलाच माणसांनी कुरतडलं आहे, तेच सांगायला बसलो आहे.

पूर्वी सिनेमा पत्र्याच्या गोल डब्यांतून यायचा. डब्यात गुंडाळलेली लांबच लांब पट्टी आणि तिच्यावर इवलीइवली चित्रं. आम्ही पाच भावंडं होतो. मी शेंडेफळ, पण सगळा मान माझा, कारण भूत माझ्यात होतं. शिंप्याचं बंद पडलेलं दुकान. नायक कंदील घेऊन आत शिरतो, आरशावरचं कापड ओढतो आणि आरशात एक बाई दिसते. काय तिचे डोळे! बघणाऱ्याची पाचावर धारण बसावी.

ती नटी नव्हती बरं का. सिनेमा कंपनीत कपडे शिवणारी मुलगी होती. ठरलेली नटी रुसून बसली, म्हणून हिच्याच तोंडाला राख फासून हिला उभं केलं. दिग्दर्शक म्हणाले, "हसू नकोस, रडू नकोस. तू रात्रभर जागून शिवलेला सदरा कुणीतरी ढापलाय, असं बघ." तिने असं काही बघितलं, की दिवा धरणारा माणूस दिवा टाकून पळाला!

थिएटरात आम्हाला चालवणारे ऑपरेटर मला फार जपायचे. फुंकर घालून माझ्या कडा साफ करायचे. "आला माझा वाघ," म्हणायचे. मी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. सिनेमा काही चालला नाही, लवकरच उतरला. शेवटचा खेळ संपला आणि त्यांनी कात्री काढली. आवडीचं चित्र कापून ठेवायची खोड त्या काळी बऱ्याच ऑपरेटरांना होती. "एवढीशी आठवण ठेवतो रे. कुणाला कळतंय?" असं म्हणून त्यांनी आरशातली बाई कचकन कापली, माझी टोकं चिकटवली आणि तुकडा खिशात घातला. परक्याने केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

मग आम्ही जिन्याखाली पडून राहिलो, मोडक्या खुर्च्या आणि केरसुण्यांच्या संगतीत. अंगाला आंबट वास सुटला. थिएटर पाडायला घेतलं तेव्हा एका ताईंनी आम्हाला शोधून काढलं. जुने सिनेमे दुरुस्त करणं हाच त्यांचा उद्योग. त्यांनी आम्हाला पुसलं, सांधलं, थंड खोलीत ठेवलं. माझ्या चिकटवलेल्या जागेवरून हलकेच बोट फिरवून म्हणाल्या, "इथे काय होतं रे तुझं?" मला वाटलं, चला, आपलं माणूस भेटलं.

हरवलेला सिनेमा सापडल्याची बातमी छापून आली. ताईंच्याच इमारतीतल्या थिएटरात होणाऱ्या सिनेमा महोत्सवात आमचा खेळ ठरला, आणि त्याआधी जाणकारांना आम्हाला दाखवलं. कापड ओढलं, की एकदम नायकाची किंकाळी! जाणकार मंडळी खूश. "भूत न दाखवता घाबरवलंय, वा!"

ती बातमी वाचून ऑपरेटरांची मुलगी एक छोटी डबी घेऊन आली. म्हणाली, "बाबा गेले. हे परत द्यायचं राहिलं म्हणून शेवटपर्यंत हळहळत होते." ताईंनी तुकडा माझ्या जखमेशी धरून पाहिला. तंतोतंत जुळला! मला आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात महोत्सवाचे साहेब आले. "अहो, भूत दिसत नाही म्हणून तर एवढी वाहवा चाललीय! त्यात आता ही राख फासलेली बाई कुठे घुसडता?"

ताईंनी तुकडा पुन्हा डबीत घातला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." आणि डबी सिनेमा चालवायच्या केबिनमधल्या वरच्या फळीवर गेली. ज्या हातांनी मला जिन्याखालून उचललं, त्याच हातांनी!

खेळाच्या दिवशी एक आजी नातीचा हात धरून वर आमच्या केबिनमध्ये आल्या. डोळ्यांवरून मी त्यांना लगेच ओळखलं. ताईंना म्हणाल्या, "मी आहे यात, आरशात. सिनेमा लागला तेव्हा माझं बाळंतपण होतं. उठेपर्यंत सिनेमा उतरलाही. घरात कुणाला खरंच वाटत नाही."

"थापा आहेत हो आजीच्या," नात हसून म्हणाली.

"आज बघच तू!"

ताईंनी मान फिरवली.

आजी पहिल्या रांगेत बसल्या. मी फिरत होतो आणि माझ्या जिवाची नुसती तगमग होत होती. कापड ओढलं गेलं. किंकाळी. टाळ्याच टाळ्या! साहेब मंचावर चढून न दिसणाऱ्या भुताचं कौतुक करू लागले, तशा आजी उठल्या. "अहो, दिसतं ते! मी होते ना!" सगळं थिएटर प्रेमाने हसलं. लोकांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

धापा टाकत त्या पुन्हा वर आल्या. "बाई, माझा तुकडा कुठे गेला असेल हो?"

"हरवला असेल, आजी," ताई म्हणाल्या. डबी त्यांच्या डोक्यावरच होती.

"जाऊ दे ना आजी," नात लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "मी मानते तुझं."

"मानू नकोस गं. मला बघायचं होतं."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळेच सांगतात. मलाही जपलंय. नवा डबा आहे, अंगावर धुळीचा कण नाही. पण सोयीचं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं फळीवर टाकायचं, याला जपणं म्हणू नका. तुमच्यापैकी कुणी या केबिनमध्ये आलंच, तर वरच्या फळीवर एक छोटी डबी आहे. ती खाली काढा, आणि आधी आजींना बोलवा. त्या अजून आहेत.