बिनमाणसाची टपरी

"कोड कुणालाही सांगायचा नाही. बँकेच्या माणसालासुद्धा नाही. बँक कधी विचारतच नाही," बोदिल म्हणाली. हे वाक्य आपण झोपेतही बरळत असू, असं तिला वाटलं.

डेन्मार्कच्या युटलंड भागातल्या त्या गावात दर मंगळवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत म्हातारी मंडळी आपापले फोन मांडून बसत. व्हायरस, खोटे निरोप, बक्षिसांची आमिषं; बोदिल वर्षानुवर्षं तेच शिकवत आली होती आणि मंडळी तितक्याच निष्ठेने विसरत आली होती. कॉफीची वेळ मात्र कुणी विसरत नसे.

"पण मला कुणाचा फोन आलाच नाही," गेर्डा म्हणाली. "थोरवाल्डच्या टपरीवर बटाटे घेतले, तिथला क्यूआर स्कॅन केला. बँकेचं पान उघडलं, मी आपलं सगळं भरलं. संध्याकाळी खातं साफ."

"किलोभर बटाट्यांसाठी बँकेचं पान?" एस्किल हसला. "आणि तू भरत बसलीस? धन्य आहे बाई तुझी. इतके मंगळवार काय फक्त केक खाल्लास?"

गेर्डाने मान खाली घातली. शनिवारी बोदिलनेही नेमकं तेच केलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

टपरी म्हणजे रस्त्याकडेला छप्पर घातलेली एक फळी. थोरवाल्ड सकाळी बटाटे, अंडी मांडून शेतात निघून जाई. लोक हवं ते उचलत, फोनवरून पैसे पाठवत आणि चालू लागत. कुणी बघत नसे. अशा टपऱ्या सगळ्या रस्त्यांवर होत्या. कुणा भामट्याने थोरवाल्डच्या क्यूआर कोडवर आपला कोड चिकटवला होता. पान वेगळं दिसतंय, हे बोदिलला कळलं होतं. पण पिशवी भरलेली, आसपास चिटपाखरू नाही, पैसे न देता निघणं म्हणजे चोरी. बटाटे परत ठेवावेत, हे तिला सुचलंच नाही. पैसे कसेही पोचावेत, एवढंच डोक्यात होतं. चोर ठरू नये म्हणून ती चोराच्या हाती किल्ली देऊन आली.

थोरवाल्ड दाराजवळच बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून.

"उद्या टपरी मोडतो," तो म्हणाला. "माझ्या दारात माणसं लुटली गेली."

"तुम्ही का मोडता? लोक बावळट, त्याला तुम्ही काय करणार?" एस्किल म्हणाला.

"बावळट नाहीत. जाग्यावर मी नव्हतो, तरी पैसे द्यायला थांबले."

बोदिल फार थकली होती. गप्प बसायलाही आता बळ लागत होतं.

"मीही थांबले होते," ती म्हणाली. "शनिवारी. माझंही खातं गेलं."

एस्किल फोनची काच बाहीने पुसत राहिला. गेर्डा उठली, बोदिलसमोर कॉफीचा कप ठेवला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली.

"मोडू नका थोरवाल्ड," बोदिल म्हणाली. "येता-जाता कोड मी बघत जाईन."

"तू किती बघशील, पोरी? उघडी ठेवायची तर आता राखायला माणूस हवा."

टोपी घालून थोरवाल्ड निघून गेला.

पुढच्या शनिवारी सायकलवरून जाताना तिला टपरी दिसली. शेजारी खुर्ची टाकून थोरवाल्ड बसला होता, कोटाची कॉलर वर करून. वारा बोचत होता. एक मोटार वेग कमी करत आली, त्याला पाहून तशीच पुढे गेली. दुकानदारासमोर बटाटे निवडायची इथे कुणाला सवय नव्हती.

बोदिल उतरली. दोघांनी हवेबद्दल दोन शब्द बोलून घेतले. तिने पिशवी भरली आणि फोन काढला.

तेव्हा थोरवाल्ड उठला, खुर्ची उचलून त्याने उलटी फिरवली आणि तिचे पैसे देऊन होईपर्यंत शेताकडे तोंड करून बसून राहिला.