पंख्याला बांधलेली चिठ्ठी

मोटारींच्या तारा गुंडाळणाऱ्या वाइंडरने खिशात हात घातला. खिशात पंख्याची चिठ्ठी होती. म्हणजे पंख्याला वाइंडरची स्वतःची चिठ्ठी बांधली गेली होती, आणि पंखा तासाभरापूर्वीच टायपिंग शिकवणाऱ्या बाईंबरोबर टॅक्सीत बसून घरी गेला होता.

पंपांच्या, पंख्यांच्या जळलेल्या मोटारी गुंडाळण्याच्या त्या दुकानात प्रत्येक बिघडलेल्या वस्तूला दोऱ्याने जाड चिठ्ठी बांधत. तिच्यावर चार रकाने: तक्रार, तपासणी, निष्कर्ष, दुरुस्ती. बाविसाव्या वर्षी वाइंडरला स्किझोफ्रेनियाने गाठलं आणि तो अर्धी मोटार तशीच टाकून मागच्या दाराने जो गेला, तो दोन वर्षं आलाच नाही. परतला तेव्हा गोळ्यांनी कानात बोलणारा आवाज काउंटरपासून दारापर्यंत हटवला. दुकानाबाहेर काही तो जाईना. उरलेल्या कामासाठी मनातले विचार तपासायला शिकवणारी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी होती. समुपदेशक बाईंनी दिलेले छापील तक्ते त्याने तीन आठवडे कोरेच परत नेले.

"गिऱ्हाईक म्हणालं मोटार जळली, तर तुम्ही काय करता?" त्यांनी एकदा विचारलं.

"मीटर लावतो. गिऱ्हाईक काय, काहीही म्हणतं हो."

"मग कानातल्यालाही गिऱ्हाईकच समजा ना."

तेव्हापासून विचारांच्याही चिठ्ठ्या होऊ लागल्या. आज हरवली तिच्यावर लिहिलं होतं: 'तक्रार: समोरचे सगळे मला हसतात. खात्री ८० टक्के. तपासणी: आठवडाभर पुढे काउंटरवर बसणे.'

"झालं! आता गल्लीभर बभ्रा," कानातलं गिऱ्हाईक म्हणालं. "मालक आजच हाकलणार. मागचं दार उघडंच आहे, सूट."

मागचं दार खरोखरच उघडं होतं. वाइंडर उठला, दारापर्यंत गेला, आणि नवी चिठ्ठी घेऊन परत आला. 'तक्रार: बाई सगळ्यांना सांगतील. खात्री ९५ टक्के.' उरलेले पाच टक्के कशाचे, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण पाच टक्के सूट द्यायची दुकानाची पद्धतच होती. 'तपासणी: बाई येईपर्यंत जागचं हलायचं नाही.'

"काका," तो मालकांना म्हणाला, "बाईंच्या पंख्याला चुकीची चिठ्ठी गेलीय."

"कुठल्या मशीनची?"

"माझी."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "फोन करू का त्यांना?"

"नको. येतील त्या. मी बसतो."

चार वाजता बाई आल्या, काखेत पंखा. काउंटरवर आधीच दोन माणसं उभी होती. वाइंडर जागचा हलला नाही.

"कुणी बांधली रे ही चिठ्ठी?"

"मी. माझीच आहे ती."

"वाचली मी. चष्मा लावेपर्यंत वाटलं, पंखाच बोलतोय." बाई जवळ सरकल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तीस वर्षं टायपिंग शिकवलं मी. वर्गाकडे पाठ केली की मला हेच वाटायचं. खात्री शंभर टक्के."

"मग?"

"मग काय, हसायचीच कार्टी! पण टायपिंग शिकली." मग त्यांचा आवाज पुन्हा वर चढला. "ते राहू दे. या पंख्याची मान का वळत नाही? पैसे घेता ना दुरुस्तीचे?"

मानेचा स्क्रू जास्तच आवळला गेला होता. वाइंडरने तो सैल केला. पंख्याने सावकाश दुकानभर नजर फिरवली. थांबलेल्या दोघांपैकी एकाने जांभई दिली. जाताना बाईंनी ती चिठ्ठी त्याच्या हातात दिली. चार घड्या घातलेली, अक्षरं आत.

"बाहेर जाऊन सांगतील बघ," कानातलं गिऱ्हाईक म्हणालं.

"सांगतीलही. तुम्ही जरा रांगेत थांबा," वाइंडर पुटपुटला आणि नव्या चिठ्ठीवर लिहू लागला. 'निष्कर्ष: बाईंनी मानेबद्दल तक्रार केली. पंख्याच्या. खात्री आता ४० टक्के.'

दुरुस्तीचा रकाना त्याने रिकामा ठेवला.

मालकांनी त्याच्या खांद्यावरून वाचलं. "सही राहिली," ते म्हणाले. "कारागिराच्या सहीशिवाय इथे चिठ्ठी चालत नाही."

वाइंडरने सही केली. भिंतीवर दोन खिळे होते: 'तयार' आणि 'काम सुरू'. त्याने बाईंनी दिलेल्या चिठ्ठीच्या घड्या उलगडल्या, हाताने सपाट केल्या, आणि दोन्ही चिठ्ठ्या 'काम सुरू'च्या खिळ्याला, पंपांच्या आणि पंख्यांच्या चिठ्ठ्यांमध्ये अडकवल्या. अक्षरं बाहेर ठेवून.